शुक्रवारचं पाणी

शुक्रवारी दिवस कलला की द्रौपदाबाई आडाच्या काठावर येऊन बसायची आणि येईल त्या बाईला रिकाम्या हंड्यानिशी माघारी लावायची. काठाचा दगड दिवसभर तापलेला असे, लुगड्यातूनही मांडीला चटका बसे, पण ती हलायची नाही.

"अक्का, एकच हंडा लेस व. पोरले तहान लागनी शे," भागाबाई म्हणाली. भागाबाई शेजारच्या घरातली, तीन लेकरांची आई आणि तोंडाची फटकळ.

"मना घर तांब्याभर शे, तो ली जाय. आडले हात लावू नको. सकाय पाव्हना येनार शेतस."

"तुना पाव्हना काय आडमां आंघोळ करतीन का?"

"आंघोळ करोत नहीतर बुडोत. आज बादली सोडानी नही."

'आग लागो तुझ्या पाव्हण्यांना' असं काहीसं पुटपुटत भागाबाई गेली. पण गेली. कारण ठरलेलं होतं, आणि ठरवताना तीही होतीच की.

धामणवाडे हे गाव धुळे-चाळीसगाव रस्त्यापासून कोसभर आत. वर गाव, खाली उताराला बौद्ध वस्ती. बावीस घरं आणि त्यांच्यात हा एक आड. तीन हात रुंदीचा, खोल, बाजूच्या खडकातून बोटाएवढी धार झिरपायची. यंदा पाऊस पोळ्याआधीच तोंड काळं करून गेला, तेव्हापासून सकाळी बायकांनी पाणी भरलं की तळाचा खडक उघडा पडे. मग एखाद्या पोरीला दोर बांधून खाली सोडायचं आणि तिनं वाटीनं घागर भरायची. संध्याकाळी पुन्हा तेच. एक दिवस आणि एक रात्र हात लावला नाही, तरच आडात बघण्यासारखं पाणी साचे.

संक्रांतीनंतरच्या एका शनिवारी धुळ्याच्या कॉलेजातली पोरं पहिल्यांदा आली. दोन मुलगे आणि एक मुलगी. त्यांच्याबरोबर गावच्या वाचनालयाचे गिरधर गुरुजी. शाळेतून रिटायर झाल्यापासून गुरुजींनी वाचनालय धरलं होतं, पेपर येवो न येवो, दहा वाजता कुलूप उघडायचं म्हणजे उघडायचं. मुलांनी वस्तीतल्या लिंबाखाली माणसं गोळा केली आणि समजावून सांगितलं. गावोगावच्या वाचनालयात एकेक रजिस्टर ठेवायचं. विहिरींचं पाणी फितीनं मोजून त्यात लिहायचं. तो आकडा कॉलेजच्या लायब्ररीतल्या कम्प्युटरमध्ये भरायचा आणि कम्प्युटरच सांगणार, कोणत्या वस्तीला टँकर आधी पाहिजे. ती यादी तालुक्याच्या हापिसात जाणार.

"म्हणजे सरपंचाची ओळख नको, पुढाऱ्याची चिठ्ठी नको," मुलगी म्हणाली. "पाणी किती, माणसं किती, एवढंच."

हे ऐकून म्हातारे चिंधाबाबासुद्धा काठी टेकून सरळ बसले. चिठ्ठीवाचून काही मिळतं हे त्यांनी सत्तर वर्षांत प्रथमच ऐकलं होतं.

वरच्या विहिरींचं पाणी गुरुजी रोज मोजणार होते. खालच्या आडाचं मात्र दर शनिवारी मुलं येतील तेव्हा. गुरुजींचे गुडघे दुखायचे आणि वस्तीकडे उतार होता. वरच्या आळीत जिना चढून भागवताच्या पंगतीला जाताना ते गुडघे कसे काय चालत, हे विचारायला कोणी गेलं नाही.

मुलीचं नाव ज्योत्स्ना पाटील. जामनेरकडची. घरोघर माणसं लिहीत ती द्रौपदाबाईच्या दारात आली.

"आजी, घरात माणसं किती?"

"मी, मना आंडोर रूपचंद, आनि ही सून सुंदर. रूपचंद धुळाकडे खडीना क्रशरवर शे, पंधरा दिनमां येस." मग द्रौपदाबाईनं आवाज खाली घेतला. "आनि एक येनार शे. चौथा महिना शे."

सुंदर पदर तोंडाला लावून आत सरकली. ज्योत्स्ना हसली आणि तिनं कागदावर चार लिहिले. "येईल तेव्हा त्यालाही पाणी लागेलच की. माणशी वीस लिटर."

द्रौपदाबाईला हे फार म्हणजे फारच आवडलं. मागल्या खेपेला सुंदरचं चौथ्या महिन्यातच पडलं होतं. दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, हिला हंडा उचलू देऊ नका. तेव्हा या वेळी द्रौपदाबाईनं मनाशी एकच धरलं होतं, सुंदरच्या डोक्यावर हंडा चढू द्यायचा नाही. पण आड आटला तर बोरी नदीच्या पात्रातला झिरा गाठायचा, जाऊन-येऊन चार कोस, आणि तिची एकटीची मान किती हंडे वाहणार? टँकर वस्तीत आला तरच ते जमणार होतं. आणि इथं तर न जन्मलेल्या पोराचंही पाणी मांडून झालं होतं.

मग ती मुलगी म्हणाली, "आजी, थोडं पाणी द्या ना प्यायला."

वस्तीत सगळ्यांच्या माना वळल्या. वरच्या गावातलं कोणी अजून वस्तीत पाणी पीत नसे. चहा आणला तर 'आताच झाला' म्हणत. द्रौपदाबाई धावतच आत गेली. हंड्यात बुडाला तांबूस गाळ. भागाबाईकडे गेली, तिकडेही तेच. शेवटी अर्धा तांब्या गढूळ पाणी फडक्यातून गाळून आणलं, आणि त्या पोरीनं ते उभ्यानं, तांब्या तोंडाला लावून पिऊन टाकलं. खाली बसलेली रेती दिसली तशी हातावर झटकली आणि म्हणाली, "बरं वाटलं."

ती गेल्यावर द्रौपदाबाई आडाच्या काठी बायकांना म्हणाली, "जी पोर आपला घरनं पानी पेस, तिले आपन चिखल पाजा. लाज नही वाटनी आपले?"

लाज सगळ्यांनाच वाटली होती. तेव्हापासून ठरलं, शुक्रवारी सांजेला कोणी पाणी भरायचं नाही आणि शनिवारी सकाळीही मुलं येईतो नाही. एक दिवस तोंड कोरडं राहिलं तर मरत नाही कोणी.

दर शनिवारी दहाच्या सुमाराला मुलं यायची. ज्योत्स्ना आडात फीत सोडायची, तिच्या टोकाला शिशाचा गोळा. तो पाण्याला टेकला की एक आकडा, तळाला टेकला की दुसरा. एक मुलगा वजाबाकी करायचा.

"साडेतीन फूट."

"साडेतीन," ज्योत्स्ना लिहायची. एकदा तिनं विचारलंही, "आजी, एवढं असतं का रोज?"

द्रौपदाबाई बादली ओढत होती. पाणी नितळ होतं, बादलीत बुडवलेला तिचा हात दिसत होता. पाव्हण्यापुढं रडगाणं गायची सवय तिच्या सात पिढ्यांत कोणाला नव्हती.

"शे ना व माय. आमनं बरं शे," ती म्हणाली आणि तांब्या विसळून, काठोकाठ भरून पोरीच्या हातात दिला. चहा झाला, गूळ-शेंगदाणे झाले. मुलं बसला गेली की बायका आडावर तुटून पडत, आणि दुपारपर्यंत तळाचा खडक पुन्हा उघडा.

असे सात शनिवार गेले.

फाल्गुनात वाचनालयाच्या भिंतीवर कागद लागला. दोन्ही कडांना भोकं असलेला लांबलचक कागद, टिंबाटिंबांची इंग्रजी अक्षरं. खाली गुरुजींनी शाईनं मराठीत लिहिलं होतं. द्रौपदाबाई, भागाबाई आणि चिंधाबाबा पायरीखाली उभे राहिले. गुरुजींनी चष्मा लावून वाचून दाखवलं.

"वरची आळी, अर्धा फूट. टँकर, आठवड्यातून चार खेपा. माळावरची वस्ती, पाऊण फूट. टँकर, दोन खेपा. खालची वस्ती, साडेतीन फूट." त्यांनी घसा साफ केला. "पाणी पुरेसं."

"पुढे?" चिंधाबाबा म्हणाले.

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

द्रौपदाबाईला कळायला क्षणभरही लागला नाही. तिनं पायरीला हात टेकला. भागाबाई तिच्याकडे बघत होती.

"गुरुजी, ते साडेतीन फक्त शनिवारलेच ऱ्हास. आम्ही शुक्रवारले भरतस नही. पोरं येतस म्हनीसन. बाकीना दिन खडक शे," द्रौपदाबाई म्हणाली.

गुरुजींनी चष्मा काढला. त्यांना वाईट वाटलं असावं, पण रजिस्टर त्यांनी छातीशी धरलं. "बाई, हे शाईनं लिहिलेलं आहे. मी खोडलं तर उद्या म्हणतील गिरधर मास्तरनं आकडे फिरवले. मुलं आली की त्यांना सांगा."

"कवय येतीन?"

"त्यांच्या परीक्षा आहेत आता. महिना-दीड महिना नाही येणार."

परतताना भागाबाई म्हणाली, "सांगीसन तरी काय? गाव म्हनी, पयले जास्त दाखाडं, आते कमी दाखाडतस. खोटारडाच ठरसूत आपन." द्रौपदाबाई पुढं चालत राहिली. तिला स्वतःचाच संताप येत होता, आणि तो काढायला जागा नव्हती.

वरच्या आळीच्या हौदात टँकर रिकामा व्हायचा. तिसऱ्या दिवशी वस्तीतल्या बायका हंडे घेऊन तिथं गेल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. हौदावर पंचायतीनं वरच्या आळीतल्या पुनाला बसवलं होतं. सगळी आळी भरून झाली, गुरं पाजून झाली, एका बाईनं पायऱ्या धुतल्या. ऊन डोक्यावर आलं. मग पुनानं वरून विचारलं, "तुम्ही कसाले उभ्या शेतस?"

"वाटनं ते दे भाऊ, हंडाभर," द्रौपदाबाई म्हणाली.

"तुमनं ते साडेतीन फूट शे ना. कम्प्युटरमां लिखेल शे." तो हसला. हसण्यात तसा डंख नव्हता, त्याला खरंच गंमत वाटत होती. मग त्यानं प्रत्येकीच्या हंड्यात वरून, हात लांब ठेवून, एकेक बादली ओतली. निम्मं पाणी हंड्याच्या गळ्यावरून मातीत गेलं. भिजलेल्या मातीत द्रौपदाबाई अनवाणी उभी होती. दुसऱ्या दिवशी ती हौदावर गेली नाही.

ती झिऱ्यावर जायला लागली. पहाटे तांबडं फुटायच्या आत निघायचं, नदीच्या कोरड्या वाळूत हातानं खड्डा उकरायचा, पाणी वर येईतो बसायचं, वाटीवाटीनं दोन हंडे भरायचे. एक डोक्यावर, एक कमरेवर. घरी येईपर्यंत नऊ वाजत. मग निंदणी नाहीतर खुरपणी मिळाली तर ती, आणि सांजेला पुन्हा एक हंडा. पन्नाशीची बाई. मानेत लोखंडाची कांब घातल्यासारखं व्हायचं, रात्री कूस बदलता यायची नाही.

"आत्या, एक खेप मी करस ना," सुंदर म्हणायची.

"तू गप बठ. तू हंडा धरा ना, ते मी आडमां उडी मारसू."

"आडमां पानी कोठे शे?" सुंदर म्हणायची, आणि दोघी हसायच्या. त्या दिवसांत हसल्या असतील तर एवढंच.

चैत्र लागला. सुंदरला सातवा. एका सकाळी वाळू उकरताना द्रौपदाबाईच्या तळपायात बाभळीचा काटा आरपार गेला. ती तशीच आली. दुसऱ्या दिवशी पाय सुजला, तिसऱ्या दिवशी ताप भरला. भागाबाईनं एक हंडा आणून दिला, दुसऱ्या दिवशी अर्धा. तिचीही तीन पोरं होती. चौथ्या दिवशी द्रौपदाबाई उन्हं वर आल्यावर जागी झाली तर घरात कोणी नाही आणि कोपऱ्यातला हंडा नाही.

ती उठली, पडली, पुन्हा उठली. दारात बसून वाटेकडे बघत राहिली. सुंदर आली तेव्हा बरंच ऊन झालं होतं. हंडा डोक्यावर नीट होता, एक थेंब हिंदकळलेला नव्हता. तिनं तो चुलीजवळ उतरवला, वर ताट झाकलं आणि म्हणाली, "आत्या, पोटमां कसंतरीच व्हई ऱ्हायनं."

चिंधाबाबांनी वरच्या गावातून गाडी मागून आणली. गाडीत पेंढा टाकून सुंदरला निजवलं आणि तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. संध्याकाळी मुलगा झाला. सात महिन्यांचा, बोटं-नखं सगळी असलेला. तो रडला नाही. नर्सनं फडक्यात गुंडाळून दिला. निरोप गेला तसा रूपचंद रात्री ट्रकनं आला, अंगावर खडीची पांढरी धूळ तशीच. त्यानं फडकं उघडून बघितलं, झाकलं आणि आईला एवढंच विचारलं, "टँकर येनार व्हती ना आपला वस्तीमां?"

द्रौपदाबाई म्हणाली, "व्हती."

पुढचे दिवस तिला नीट आठवत नाहीत. पायाची सूज उतरली. ती झिऱ्यावर जाऊ लागली. सुंदरला दूध आलं होतं, ते बांधून ठेवलं होतं, ती भिंतीला टेकून बसलेली असायची. वस्तीत बाबासाहेबांच्या जयंतीला निळे झेंडे लागले, वंदना झाली, पण त्या साली बँड आणला नाही. द्रौपदाबाईला रडू आलं नाही. छाती दगडासारखी झाली होती. भाकरी थापली जायची, खाल्ली जायची, हंडा भरला जायचा. शुक्रवारी ती आडावर बसायची नाही. बायका खरवडून खरवडून पाणी भरायच्या.

एका शनिवारी, अगदी दहाला, मुलं आली. ज्योत्स्नाचे केस कापलेले, हातात नवी वही. परीक्षा झाल्या होत्या, खुशीत होती. तिनं आडात फीत सोडली. गोळा खडकावर आपटल्याचा आवाज आला. तिनं फीत वर घेऊन पुन्हा सोडली.

"तीन इंच? एकदम असं कसं झालं? आजी, आड कधी आटला?"

"आटना नही. असाच व्हता," द्रौपदाबाई म्हणाली.

मग तिनं सांगितलं. शुक्रवार, शनिवार, सगळं. आवाज चढला नाही, उतरला नाही. ऐकता ऐकता ती पोर काठाच्या दगडावर बसली. दगड तापलेला होता तरी बसून राहिली. बरोबरचा मुलगा वजाबाकीच्या कागदाकडे बघत होता.

"पण तुम्ही सांगितलं का नाही मला? मी विचारलं होतं ना, रोज एवढं असतं का म्हणून."

"पाव्हनाले असं सांगतस का कोनी? तू पानी पेनी ना आमना घर."

"मला गढूळ चाललं असतं, आजी."

"तुले चालतं व माय. आमले चालतं नही."

ज्योत्स्नानं डोळे पुसले, नाक ओढलं आणि वही उघडली. "मी आजच नवीन नोंद करते. सोमवारी स्वतः भरते कम्प्युटरमध्ये, आणि यादी घेऊन स्वतः तालुक्याला जाते. पंधरा दिवसांत टँकर इथं येईल. येईलच." तिनं पान उलटलं. "माणसं पुन्हा लिहावी लागतील. तुमच्याकडे चार ना?"

"तीन लिखी ले."

"रूपचंदभाऊ बाहेर असले तरी धरायचेच, आजी."

"त्याले धरीसनच तीन."

पोरीनं मान वर केली. दार उघडं होतं. आत सुंदर भिंतीला टेकून बसली होती, छातीला फडकं बांधलेलं. पेन थांबलं ते थांबलंच. लांब वरच्या आळीत टँकरचा भोंगा वाजला.

"मागला कागदवर चार शे ना?" द्रौपदाबाईनं विचारलं.

"हो."

"कम्प्युटरमां खोडता येस का?"

"येतं."

"खोडं म्हनीसन डाग ऱ्हास का?"

"नाही, आजी. काहीच राहत नाही."

"बरं शे," द्रौपदाबाई म्हणाली.

ती घरात गेली. पहाटे झिऱ्यावरून आणलेल्या हंड्याचं ताट बाजूला सारलं, तांब्या विसळला, भरला आणि बाहेर येऊन पोरीपुढं धरला. पोर मागं सरकली.

"नको. आजी, खरंच नको. मला नाही प्यायचं."

"पे," द्रौपदाबाई म्हणाली. "नही पेनी ते मना सर्वा शुक्रवार वाया जातीन."

ज्योत्स्नानं दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि हुंदके देत देत, थांबत थांबत, सगळं पाणी प्यायली. द्रौपदाबाईनं रिकामा तांब्या परत घेतला, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि हंडा घेऊन नदीच्या वाटेला लागली.